वैरणीचे खत आणि गोठ्याचा हिशेब : वाचकांचे प्रश्न

नागपूर जिल्ह्यातील दूध उत्पादक वाचकांकडून या वेळी आलेल्या पत्रांत गायी-म्हशींच्या आजारांपेक्षा वैरणीच्या पिकांना द्यायच्या खतांविषयी अधिक विचारणा आहे. कापूस, सोयाबीन किंवा संत्र्याच्या खताचा हिशेब आपल्याकडे तोंडपाठ असतो. हिरव्या चाऱ्याचा मात्र कोणी मांडत नाही, कारण तो बाजारात विकला जात नाही. प्रथेप्रमाणे पत्रलेखकांची नावे न देता फक्त तालुके दिले आहेत, आणि काही लांब पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे सहा संकरित गायी, तीन एकर संत्रा आणि एक एकर संकरित नेपियर आहे. नेपियरला तीन वर्षे झाली. वर्षाला सात कापण्या होतात आणि प्रत्येक कापणीनंतर मी एक बॅग युरिया देतो. पहिल्या वर्षी गवत डोक्यावर गेले होते. यंदा कमरेच्या वर जात नाही आणि पाने फिकी पडली आहेत. मृद आरोग्य पत्रिकेत (माती तपासणीच्या अहवालात) सामू (पीएच) ८.२, सेंद्रिय कर्ब ०.४२ टक्के, नत्र (नायट्रोजन) १८८, स्फुरद (फॉस्फरस) ९ व पालाश (पोटॅश) ३४० किलो प्रति हेक्टर, गंधक ८ आणि जस्त ०.४ पीपीएम असे आकडे आहेत. नत्र 'कमी' आणि पालाश 'जास्त' असा शेरा आहे. युरिया दीड बॅग करावा काय? (काटोल तालुका)

उत्तर : युरिया वाढवू नये. का, ते आपल्याच आकड्यांवरून दिसते. युरियाची बॅग आता ४५ किलोची असते आणि त्यात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे एका बॅगेतून सुमारे २०.७ किलो आणि सात कापण्यांत मिळून एकरी १४५ किलो नत्र आपण देत आहात. आता गवताची बाजू पाहू. एकरी ५० टन हिरवे गवत निघाले आणि त्यात २० टक्के कोरडा भाग धरला, तर १० टन कोरडी वैरण होते. तिच्यात साधारण १.३ टक्के नत्र, ०.२५ टक्के स्फुरद मूलद्रव्य आणि २ टक्क्यांच्या आसपास पालाश मूलद्रव्य असते. म्हणजे वर्षाला १३० किलो नत्र, २५ किलो स्फुरद आणि तब्बल २०० किलो पालाश त्या एका एकरातून विळ्याबरोबर उचलले जाते. यातले नत्र आपण पुरेपूर परत करता; बाकीच्या दोहोंपैकी काहीच परत जात नाही. तीन वर्षांत गवत खुजे झाले त्याचे कारण येथे आहे.

पत्रिकेवरील नत्राचा 'कमी' हा शेरा खोटा नाही. हेक्टरी २८० किलोच्या खाली आकडा आला की तो शेरा पडतोच, आणि सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याखाली असलेल्या आपल्या काळ्या जमिनींत तो बहुतेक ठिकाणी पडतो. तो जमिनीच्या स्वतःच्या साठ्याविषयी आहे, आपण वरून दिलेल्या खताविषयी नाही. खरी अडचण स्फुरद ९ (१० च्या खाली कमी), गंधक ८ (१० च्या खाली कमी) आणि जस्त ०.४ (०.६ च्या खाली कमी) या तीन आकड्यांत आहे. येथे एक गफलत टाळावी. पत्रिकेवरचा आकडा मूलद्रव्य स्फुरदाचा असू शकतो, तर खताच्या बॅगेवरचे प्रमाण ऑक्साइडच्या रूपात छापलेले असते. पहिल्याला २.२९ ने गुणले की दुसरा मिळतो. म्हणून गवताने नेलेले २५ किलो स्फुरद बॅगेच्या भाषेत ५७ किलो होते. पालाशासाठी हा गुणक १.२ आहे. शिवाय पत्रिका हेक्टरची असते आणि आपण बोलतो एकरात. एका हेक्टरात २.४७ एकर येतात.

फिक्या पानांकडे एकदा नीट पाहावे. जुनी, खालची पाने आधी पिवळी पडत असतील तर नत्राची उणीव समजावी; वरची कोवळी पाने सरसकट फिकी असतील तर गंधकाची; आणि कोवळ्या पानांत शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा-पांढरा होत असेल तर चुनखडीच्या जमिनीतली लोहाची उणीव, जी पाणी साचलेल्या वाफ्यात हमखास वाढते. आपल्या पत्रात याचा उल्लेख नाही, पण आकडे पाहता गंधकाची शंका पहिली येते.

आता पालाश, ज्याचे विवेचन मी मुद्दाम लांबवणार आहे. हेक्टरी ३४० म्हणजे एकरी सुमारे १३८ किलो, आणि आपले गवत वर्षाला २०० किलो नेत आहे. काळ्या जमिनीतील चिकणमातीच्या खनिजांत अडकलेला पालाश हळूहळू सुटत राहतो म्हणून पीक तगते, परंतु 'जास्त' हा शेरा कापूस-तुरीसारख्या पिकांच्या हिशेबाने पुरेसा आहे. वर्षातून सात वेळा कापून उचलल्या जाणाऱ्या गवताच्या हिशेबाने नाही. नागपूर शहरात, अमरावती मार्गावर, देशाच्या मृदा सर्वेक्षण ब्युरोचे मुख्यालय आहे, आणि तरी त्याच जिल्ह्यात वैरणीच्या पालाशाविषयी कोणी विचारत नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

हा पालाश गेला कोठे? तो गायीने खाल्ला. दिवसाला १२ किलो कोरडी वैरण खाणाऱ्या गायीच्या पोटात सुमारे २४० ग्रॅम पालाश जातो आणि १० लिटर दुधातून त्यातला १५ ग्रॅमच्या आसपास बाहेर पडतो. उरलेला जवळजवळ सगळा शेण-मूत्रात उतरतो, आणि त्यातही मोठा वाटा मूत्राचा असतो. शेण कोठे टाकता हे आपण लिहिलेले नाही. काटोलकडे संत्र्याची बाग आणि गायी एकाच घरच्या असल्या की शेणखताची प्रत्येक गाडी बहाराच्या आधी बागेतच जाते, असे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. मूत्र तर गोठ्याच्या नालीतून रस्त्यावर जाते. बागेला खत देण्यात गैर काही नाही, पण ते नेपियरच्या जिवावर दिलेले आहे हे लक्षात ठेवावे. उलट बाजूने, आपण विकत आणलेली सरकी ढेप (सरकीची पेंड) हेही शेतात येणारे खतच आहे. सहा गायींना रोज तीन-तीन किलो ढेप घातली आणि तिच्यात २२ टक्के प्रथिने धरली, तर वर्षाला साडेसहा टन ढेपेतून सुमारे २३० किलो नत्र आपल्या गोठ्यात येते, आणि त्याचा तीन-चतुर्थांश किंवा अधिक भाग शेण-मूत्रातून बाहेर पडतो. ढेपेचे पैसे आपण दुधासाठी मोजले. खत त्यावर फुकट मिळाले.

व्यवहारात असे करावे. पावसाळ्यापूर्वी एकरी ८ ते १० टन कुजलेले शेणखत नेपियरच्या ओळींत द्यावे. १० टनांतून साधारण ५० किलो नत्र, २० ते ३० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश मिळतो, मात्र त्यातील नत्राचा सुमारे एक-तृतीयांशच भाग पहिल्या वर्षी पिकाला लागतो. सिंगल सुपर फॉस्फेट जूनमध्ये १५० किलो आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा १५० किलो द्यावे. त्यात १६ टक्के स्फुरदाबरोबर ११ टक्के गंधक असल्याने दोन्ही उणिवा भागतात, म्हणूनच आपल्यासाठी मी डीएपी (नत्र व स्फुरदाचे, पण गंधक नसलेले खत) सुचवत नाही. झिंक सल्फेट एकरी १० किलो, दोन वर्षांतून एकदा, शेणखतात मिसळून द्यावे; सुपर फॉस्फेटमध्ये मिसळू नये, कारण स्फुरद आणि जस्त एकमेकांना जखडतात. युरिया या वर्षी प्रत्येक कापणीनंतर ३० ते ३५ किलो आणि शेणखताची सवय जमिनीला लागली की २५ किलोवर आणावा. तो उघड्यावर फेकून ठेवला तर ८ च्या वर सामू असलेल्या जमिनीत, विशेषतः एप्रिल-मेच्या उन्हात, अमोनियाच्या रूपाने उडून जातो. त्यामुळे टाकला की लगेच पाणी द्यावे. मूत्राची सोय होईपर्यंत म्युरेट ऑफ पोटॅश हे पालाशाचे खत दोन हप्त्यांत मिळून एकरी ४० ते ५० किलो द्यावे. सोय कशी करावी ते रामटेकच्या वाचकाच्या प्रश्नात पुढे आले आहे.

कापणी जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर वर करावी. तीन-चार वर्षांच्या जुन्या ठोंबांत मधला भाग मेला असेल तर कोणतेही खत त्याला उठवणार नाही. तेथे नवे ठोंब लावावे लागतील. आणि एक शंका : मातीचा नमुना खरोखर नेपियरच्या तुकड्यातून घेतला होता, की बागेतून? संत्र्याच्या आळ्यातली माती निराळी बोलते.

प्रश्न : लसूणघासाला कापणीनंतर युरिया द्यावा काय? शेजारी देतात आणि त्यांचा घास हिरवागार दिसतो. (हिंगणा तालुका)

उत्तर : सहसा देऊ नये. लसूणघास आपल्या मुळांवरील गाठींतील जिवाणूंच्या साहाय्याने हवेतले नत्र घेतो. वरून युरिया मिळाला की तो गाठी बनवण्यात आळस करतो आणि नत्रावर वाढणारे गवतवर्गीय तण त्याच्यात माजते. पेरणीच्या वेळी एकरी ८ किलोच्या आसपास नत्र पुरते. खरी गरज स्फुरद व गंधकाची असते. बी पेरताना रायझोबियम जिवाणूसंवर्धन १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम या प्रमाणात चोळावे. एखादे रोप मुळासकट हळूच उपटून गाठ चिरून पाहावी. आत गुलाबी-लालसर रंग असेल तर काम चालू आहे. हिरवट किंवा करड्या गाठी निरुपयोगी असतात. शेजाऱ्यांच्या घासात गाठी नसतील तर त्यांना युरियाशिवाय गत्यंतर नाही, एवढाच त्या हिरवेपणाचा अर्थ असू शकतो.

प्रश्न : ऑगस्टमध्ये तीन आठवडे पाऊस खंडला. त्याआधी हिरव्या ज्वारीला युरिया दिला होता. पाऊस आल्यावर चौथ्या दिवशी ज्वारी कापून म्हशींना घातली. दोन तासांत एक म्हैस धापा टाकू लागली, थरथरली आणि दगावली. गावातले म्हणतात कोवळी ज्वारी लागली; डॉक्टर म्हणाले हा युरियाचा परिणाम असू शकतो. दोहोंत खरे काय? (उमरेड तालुका)

उत्तर : आपल्या नुकसानीबद्दल वाईट वाटते. दोन्ही शक्यता खऱ्या आहेत, त्या वेगवेगळ्या आहेत, आणि आपल्या शेतात त्या दिवशी दोहोंसाठी परिस्थिती अनुकूल होती.

पहिली बाब नायट्रेटची. कोरड्या जमिनीत युरिया पडून राहतो, जमिनीतले जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, परंतु पाण्याअभावी पीक ते घेऊ शकत नाही. पाऊस येताच मुळे ते झपाट्याने ओढतात. पानांना मात्र त्याचे प्रथिनांत रूपांतर करायला वेळ लागतो. त्या मधल्या काही दिवसांत धांड्यात, विशेषतः खालच्या पेरांत, नायट्रेट साचलेले असते. जनावराच्या पोटात त्याचे नायट्राइट होते आणि ते रक्तात मिसळून रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती मारते. रक्त चॉकलेटी, काळपट तपकिरी दिसते. दुसरी बाब हायड्रोसायनिक आम्लाची, म्हणजेच सायनाइडची. ज्वारीच्या कोवळ्या पानांत आणि धसकटांवरून फुटलेल्या नव्या फुटव्यांत ज्या विषाचे मूळ द्रव्य असते, ते पाण्याचा ताण पडला आणि नत्र जास्त झाले की वाढते. त्या विषबाधेत रक्त उलट लालभडक दिसते आणि मृत्यू अनेकदा मिनिटांत किंवा तासाभरात ओढवतो. आपण लिहिलेले दोन तास दोहोंकडे झुकू शकतात. रक्ताचा रंग कोणी पाहिला असता तर उत्तर अधिक खात्रीने देता आले असते.

हा फरक जाणकारांचा शौक नाही. नायट्रेटच्या विषबाधेत पशुवैद्यक शिरेतून मिथिलीन ब्लू देतात. सायनाइडच्या विषबाधेत सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट देतात. नायट्रेटने अर्धमेल्या झालेल्या जनावराला चुकून नायट्राइट मिळाले तर जे विष आधीच रक्तात आहे तेच वाढते. म्हणून गोठ्यात स्वतःचे डोके चालवू नये. पशुवैद्यकांना बोलावताना पीक कोणते, त्याचे वय किती, युरिया कधी आणि पाऊस कधी, हे चार मुद्दे फोनवरच सांगावेत. उरलेला चारा फेकू नये. त्याचा नमुना वेगळा बांधून ठेवावा.

पुढच्या हंगामासाठी : पावसाचा खंड दिसत असताना युरिया देऊ नये. खंडानंतर पाऊस आला तर निदान आठ-दहा दिवस त्या शेतातली ज्वारी, मका किंवा बाजरी कापू नये. ज्वारी फुलोऱ्यावर आल्यावरच हिरवी घालणे सर्वांत सुरक्षित. निदान ५० दिवस तरी होऊ द्यावेत. शंका असेल तर धांडे जमिनीपासून वीतभर वर कापावेत, हिरव्या ज्वारीत कडबा किंवा तुरीचे कुटार (मळणीनंतरचा भुसा) मिसळावे, आणि उपाशी जनावरासमोर ती एकदम टाकू नये. एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते : उन्हात वाळवल्याने सायनाइड कमी होते, नायट्रेट होत नाही. वाळलेला कडबाही नायट्रेटने घातक राहू शकतो. मुरघास केला तर तीन-चार आठवड्यांच्या आंबवणीत नायट्रेट साधारण निम्म्यापर्यंत उतरते, पण मूळ प्रमाण फार असेल तर निम्मेही जास्तच. प्रयोगशाळेने कोरड्या वैरणीत नायट्रेट अर्धा टक्का सांगितले तर सामान्यतः चालते. त्यापुढे गाभण जनावरांना घालू नये आणि इतरांना मिसळूनच घालावे. एक टक्क्याच्या पुढे ती वैरण गोठ्यात आणूच नये.

प्रश्न : नाग नदीचे पाणी उचलून आम्ही नेपियर व मका घेतो. गवत जोरदार येते. तरीही युरिया द्यावा काय? (शहराच्या पूर्वेकडील गावातून)

उत्तर : गवत जोरदार का येते, हे आपल्याला ठाऊक आहेच. लाव्याच्या टेकड्यांत उगम पावणारी ही नदी शहर ओलांडून आपल्याकडे येते तेव्हा तिच्यात बहुतांश सांडपाणी असते, आणि सांडपाण्यात नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही असतात. समजा त्या पाण्यात लिटरला ३० मिलिग्रॅम नत्र आहे. पाच सेंटिमीटरचे एक ओलीत हेक्टरी पाच लाख लिटर होते आणि त्यातून १५ किलो नत्र जमिनीत पडते; वर्षाला १५ ओलिते म्हणजे २२५ किलो. त्यावर युरिया देणे म्हणजे उमरेडच्या वाचकावर ओढवलेल्या प्रसंगाला आमंत्रण देणे होय. आधी पाणी तपासून घ्यावे. ३० हा आकडा मी उदाहरणासाठी घेतला आहे.

मला मात्र युरियापेक्षा इतर गोष्टींची काळजी अधिक वाटते. सांडपाण्यातील सोडियम काळ्या जमिनीत साचले की ती चोपण होते, पाणी मुरेनासे होते, आणि ते दुरुस्त करायला जिप्सम व अनेक पावसाळे लागतात. शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू जमिनीत साठत जातात. जंतांची अंडी पानांना चिकटून गोठ्यात येतात. विहिरीचे पाणी उपलब्ध असेल तर हे पाणी सोडावे. नसेलच, तर शेवटच्या ओलितानंतर दोन आठवडे कापणी करू नये, गवत उन्हात सुकवून घालावे, आणि दरवर्षी मातीची विद्युत वाहकता व सोडियम तपासावे. मृद आरोग्य पत्रिकेच्या १२ घटकांत वाहकता आहे. सोडियम आणि जड धातू नाहीत, ते वेगळे सांगावे लागतात.

प्रश्न : आमच्या दोन एकर माळावर पावसाळ्यात कुसळी गवत येते. गायी तेथेच चरतात. युरिया टाकून गवत सुधारेल काय? (नरखेड तालुका)

उत्तर : युरिया टाकला तर कुसळीच माजेल. आधी गवत बदलावे : मारवेलचे ठोंब आणि त्यात स्टायलो ही शेंगवर्गीय वनस्पती. स्टायलोच्या बियांचे कवच कठीण असते, म्हणून बी सुमारे ८० अंश तापमानाच्या पाण्यात चार-पाच मिनिटे बुडवून मग पेरावे. या मिश्रणाला पहिली गरज स्फुरदाची आहे. नत्र द्यायचेच तर पाऊस स्थिरावल्यावर दोन एकरांना मिळून ३५ किलो युरिया एकदाच पुरे.

आणि एक निरीक्षण करून पाहावे. गायी माळभर चरतात, पण बसतात पळसाखाली किंवा पाण्याच्या हौदाजवळ, आणि शेण-मूत्र तेथेच पडते. सगळ्या माळाचे खत त्या गुंठाभर जागेत गोळा होते. हौद दरवर्षी हलवता आला, किंवा रात्रीचा वाडा माळाच्या उघड्या, खडकाळ भागात फिरता ठेवला, तर युरियाच्या बॅगेपेक्षा अधिक लाभ होईल. शेतात मेंढ्या बसवायला आपण धान्य किंवा पैसे देतो. गायींच्या बाबतीत तोच विचार आपल्याला का सुचत नाही, कोण जाणे.

प्रश्न : गोठ्यामागे उकिरडा आहे. वर्षाला दहा-बारा गाड्या खत निघते, पण ते शेतात दिसत नाही असे वडील म्हणतात. मूत्र वाहून जाते. कमी खर्चात काय करता येईल? (रामटेक तालुका)

उत्तर : वडिलांचे निरीक्षण बरोबर आहे. उघड्या ढिगातला नत्राचा मोठा भाग उन्हाळ्यात हवेत आणि पावसाळ्यात नालीत जातो. शेतात पोहोचते ती मुख्यतः काडी आणि माती. त्यात शेणाचा काही भाग गोवऱ्यांसाठी गेला तर त्यातील नत्र चुलीत जळून जाते.

मूत्रापासून सुरुवात करावी. एक गाय दिवसाला साधारण दहा लिटर मूत्र टाकते, आणि बाहेर पडणाऱ्या नत्राचा निम्मा किंवा अधिक भाग तसेच पालाशाचा बहुतेक भाग त्यात असतो. गोठ्याला थोडा उतार, मागे सिमेंटची नाली आणि शेवटी झाकण असलेली दोन-तीनशे लिटरची टाकी एवढे पुरे; जुना प्लॅस्टिकचा ड्रम गाडला तरी चालतो. टाकीतले मूत्र ओलिताच्या पाण्याबरोबर पाटात सोडावे. न मिसळता ठोंबांवर ओतू नये, फुटवे जळतात. सिमेंटचा खर्च झेपत नसेल तर जनावरांखाली धानाचे तणस किंवा सोयाबीनचे कुटार अंथरावे आणि भिजलेले रोज सकाळी खड्ड्यात टाकावे. रामटेकच्या धानपट्ट्यात तणसाची वाण नाही, आणि धुऱ्यावर पेटवून देण्यापेक्षा हा उपयोग बरा.

खड्डा झाडाच्या सावलीत, उंचवट्यावर, तीन फुटांहून खोल नसलेला असावा. काठाला मातीचा बांध घालावा, म्हणजे पावसाचे पाणी आत येणार नाही. भिजलेले तणस आणि शेण यांच्या थरांवर अधूनमधून सिंगल सुपर फॉस्फेट भुरभुरावे; ते अमोनिया धरून ठेवते आणि खतातले स्फुरदही वाढते. भरलेला खड्डा शेण-मातीने लिंपून बंद करावा. शेण थोडे आणि काडीकचरा भरपूर असेल तर पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी रूढ केलेली नाडेप पद्धत वापरावी. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच असे जाळीदार विटांचे टाके, त्यात सुमारे १०० किलो शेणावर १४०० ते १५०० किलो काडीकचरा आणि चाळलेली माती. तीन-चार महिन्यांत सुमारे तीन टन खत निघते. विदर्भातली ही पद्धत विदर्भाबाहेर अधिक आदराने वापरली जाते, असे मला कधी कधी वाटते.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे, आणि ती काटोलच्या वाचकांनाही लागू आहे. मूत्रावर वाढलेल्या नेपियरमध्ये पालाशाचे प्रमाण खूप चढते. दुभत्या गायीला ते चालते, पण विण्याच्या आधीच्या तीन आठवड्यांत तेच गवत भरपूर घातले तर व्यायल्यावर तिच्या रक्तातला चुना (कॅल्शियम) सावरत नाही आणि दुग्धज्वर होतो. मानेला झोल पडून ती बसते आणि उठत नाही. जास्त पालाशामुळे मॅग्नेशियमचे शोषणही कमी होते. म्हणून गाभण गायींसाठी एखादा वाफा मूत्राविना ठेवावा, किंवा त्या तीन आठवड्यांत त्यांना मुख्यत्वे कडबा, तणस अथवा गव्हांडा घालावा आणि पशुवैद्यकांच्या सल्ल्याने खनिज मिश्रण द्यावे. टाकीतून पाणी सोडणाऱ्या घरातल्या माणसाला तो वाफा कोणता, हे दाखवून ठेवावे.